दंतमूल

डोळ्यांच्या खालोखाल आपल्या काव्यपरंपरेने कौतुक केले असेल तर ते दातांचे. कुंदाच्या कळ्या, डाळिंबाचे दाणे, मोत्यांची ओळ या उपमा वापरून वापरून इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की आता त्या उत्तरपत्रिकांतच तग धरून असाव्यात. ‘मेघदूता’तला यक्ष मेघाला पत्नीची ओळख पटावी म्हणून जी लक्षणे सांगतो त्यांत तिच्या टोकदार दातांचाही उल्लेख करतो. लोकभाषेला तर दातांवाचून चालतच नाही. आपण दातओठ खातो, दातांच्या कण्या करतो, दाती तृण धरतो, दात विचकतो; कुणाची दातखीळ बसते, कुणी दात कोरून पोट भरू पाहतो. या गर्दीत हिरडी जवळजवळ कुठेच नाही. हे मोती ज्या मांसात जडवलेले असतात त्याला उपमा नाही आणि वाक्प्रचारही नाही. हसऱ्या चेहऱ्याचे वर्णन करणारा कवी दातांच्या मुळापाशी येऊन थबकतो आणि तिथून ओठांकडे वळतो.

वैद्याला ही मुभा नव्हती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील शेवटच्या अध्यायात मुखरोगांची संख्या ६५ सांगितली आहे. त्यांतले दातांचे रोग ८ आणि दंतमूलांचे, म्हणजे हिरड्यांचे, १५. जवळजवळ दुप्पट. शीताद, दंतवेष्ट, परिदर, उपकुश ही त्यांतली काही नावे. अर्थ ठाऊक नसेल तर एखाद्या वृत्ताची वाटावीत अशी. उपकुशाच्या वर्णनात हिरड्यांचा दाह आहे, धक्का लागताच येणारे रक्त आहे, दातांचे हलणे आहे, आणि शेवटी, मला सर्वांत अचूक वाटणारा तपशील, वेदना मात्र मंद आहे. दात दुखतो तेव्हा माणूस रात्रीतून उठून बसतो. हिरडी वर्षानुवर्षे आजारी असते आणि माणूस शांत झोपतो.

‘दंतमूल’ हा शब्द वैद्यांइतकाच वैयाकरणांचाही आहे. आपण वर्गात त, थ, द, ध, न यांना ‘दंत्य’ म्हणून मोकळे होतो. ऋक्प्रातिशाख्य मात्र त-वर्गाला ‘दंतमूलीय’ म्हणते. जीभ कुठे टेकते याचे निरीक्षण करणाऱ्या त्या प्राचीन माणसाने दाताची दिसणारी बाजू सोडून त्याच्या मुळाशी बोट ठेवले. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी महाविद्यालयात भाषाविज्ञान शिकवते. या शब्दाच्या वैद्यकीय अर्थाशी माझी गाठ पडली ती मात्र अलीकडे, दंतवैद्याच्या खुर्चीत, आणि तीही मी हिरड्यांसाठी गेले नव्हते तेव्हा. मी गेले होते व्हिनियर बसवून घ्यायला.

त्यासाठी आधी माझ्या दातांविषयी सांगणे भाग आहे. माझे दात तपकिरी आहेत. मिश्री लावून किंवा पान खाऊन झालेत तसे हे नव्हे; ते आतून, घडतानाच तसे झालेले आहेत. माझा जन्म यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यातल्या एका गावात, १९७४ सालचा. १९७२च्या दुष्काळानंतर राज्यात गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या, तशी आमच्याही गावात आली. गाव उघड्या विहिरीचे पाणी सोडून बोअरचे पिऊ लागले. ते पाणी दिसायला काचेसारखे स्वच्छ होते आणि त्यात फ्लोराइड होते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, दुसरे पाणीच नसेल तर फार तर १.५, असे भारतीय मानक आहे. खडकाच्या पोटातले पाणी मानक वाचून वर येत नाही. दाताचे कवच, ज्याला विश्वकोशी मराठीत ‘दंतवल्क’ आणि दवाखान्यात इनॅमल म्हणतात, ते जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हिरडीच्या आत तयार होते. त्या काळात शरीरात जास्तीचे फ्लोराइड गेले तर कवच सच्छिद्र होते, आणि दात उगवल्यावर त्यावर पांढरे, पिवळे, तपकिरी पट्टे उमटतात. मोठेपणी तेच पाणी कितीही प्याले तरी घडून गेलेल्या दातांवर असे पट्टे येत नाहीत.

माझा मोठा भाऊ १९६४चा. बोअर आली तेव्हा त्याच्या समोरच्या दातांची घडण संपलेली होती. त्याचे दात पांढरे, माझे तपकिरी. एकाच आईची, एकाच चुलीवरचे अन्न खाल्लेली आम्ही दोन मुले. आमच्यातली ही रेघ भूगर्भातून आलेली. त्या कूपनलिकेला नुसते दूषण देणेही मला जमत नाही. पायऱ्यांच्या विहिरींतून नारू होत असे. पायातून सुताएवढा जंत काडीला गुंडाळत बाहेर काढणारी माणसे आमच्या आधीच्या पिढीने पाहिली आहेत. भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली प्रमाणित केले, त्यात बंदिस्त पाण्याच्या या स्रोतांचा वाटा मोठा आहे. आमच्या पिढीला नारू झाला नाही, आणि दात असे झाले.

लग्नाच्या वयात या दातांनी काय केले ते थोडक्यातच सांगते. पाहायला आलेल्या मंडळींपैकी एक वयस्क बाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, “तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे वाटतं?” त्या प्रश्नात दुष्टपणा नव्हता. तो एक निदानाचा प्रश्न होता आणि निदान बरोबर होते. त्यानंतर ते स्थळ आले नाही.

शिकवण्याचा पेशा पत्करला आणि गंमत अशी की विषय मिळाला तो तोंड उघडून दाखवण्याचा. उच्चारस्थाने शिकवताना फळ्यावर मुखाचा छेद काढता येतो. पण मुलांना खरे समजते ते शिक्षकाच्या तोंडाकडे पाहून. मराठीतल्या दोन ‘च’चे उदाहरण म्हणून मी नेहमी ‘चिंच’ हा शब्द घेते. एकाच शब्दात दोन्ही आहेत: पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. पहिल्याच्या वेळी जीभ मागे टाळूशी जाते, दुसऱ्याच्या वेळी पुढे दातांच्या मुळाशी येते. हे दाखवताना ओठ मागे घ्यावे लागतात आणि दात दिसतात. (चिंचेने दात आंबतात हा विनोद मी दर वर्षी करते, त्याला दर वर्षी एकच विद्यार्थी हसतो.) समोर साठ चेहरे माझ्या दातांकडे पाहत आहेत आणि ते पाहणे अभ्यासक्रमाचा भाग आहे, या अवस्थेत मी इतकी वर्षे काढली. पुष्कळदा फळ्यावरच्या आकृतीवर भागवले.

व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायची चिनी मातीची पातळ पापडी. काही दवाखान्यांत तिला लॅमिनेट म्हणतात. जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. या वस्तूचा उगम सिनेमात आहे हे कळल्यावर मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियातील चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने हॉलिवूडच्या नटांसाठी अशा पापड्या बनवल्या. त्या चित्रीकरणापुरत्या चिकटवायच्या आणि काम संपले की काढून ठेवायच्या. त्या लावून जेवता येत नसे. दाखवायचे दात आणि खायचे दात यांच्यातला फरक इतक्या शब्दशः कुणी अमलात आणला नसेल. कायम टिकेल असे चिकटवणे शक्य झाले ते पुढे: १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवले की इनॅमल फॉस्फोरिक आम्लाने किंचित खरवडले की त्यावर राळ घट्ट धरते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस चिनी मातीलाही आतल्या बाजूने आम्लाने खडबडीत करून दाताशी जोडण्याचे तंत्र आले, आणि आजची व्हिनियर जन्माला आली.

तेव्हा सगळे काही अवलंबून आहे इनॅमलवर. हे चिकटणे जेवढे इनॅमलशी पक्के होते तेवढे त्याखालच्या डेंटिनशी होत नाही. दाताच्या मुळावर तर इनॅमल नसतेच. पापडीला जागा करण्यासाठी बहुतेक वेळा दाताचा तेवढाच पातळ थर घासून काढावा लागतो, आणि तो पुन्हा येत नाही, कारण इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवण्याबरोबरच संपून गेलेल्या असतात. नखाचे, केसाचे, हाडाचेही तसे नाही.

मी ज्या दंतवैद्यांकडे गेले त्यांनी आरसा आत घातला, एका बारीक सळईने वरच्या समोरच्या दातांच्या कडेला हलकेच स्पर्श केला आणि कापसाचा बोळा मला दाखवला. तो लाल होता. “मॅडम, भिंतीला ओल असताना रंग कोण देतं? आधी हिरड्या पाहून घ्या.” एवढे बोलून त्यांनी मला हिरड्यांच्या डॉक्टरांकडे, दुसऱ्या एका बाईंकडे, पाठवले.

भिंतीची ही उपमा दवाखान्याबाहेर मला बराच वेळ पुरली. साहित्य शिकवणाऱ्यांना लागलेली खोड म्हणा. ती उपमा समजायला सोपी आहे आणि अपुरी आहे. भिंत आपल्या जागेवर असते. ओल गेली की भिंत तीच राहते, तिथेच राहते. हिरडी तशी नाही. ती सुजलेली असताना दातावर वर चढून बसलेली असते आणि बरी झाली की खाली उतरते, कधी पूर्वीपेक्षाही खाली. म्हणजे रंग कुठवर द्यायचा ती रेघच ओल असताना कळत नाही. सुजलेल्या हिरडीच्या कडेला मोजून बसवलेली व्हिनियर हिरडी बरी होताच उघडी पडणार. पापडीची कड, तिच्याखालची चिकटवण्याची रेघ, त्याखालचे पिवळे मूळ, सगळे क्रमाने दिसणार. आणि मुळात रक्त झिरपत असलेल्या जागी ती धड चिकटणारही नाही, कारण राळेला ओलावा चालत नाही. माझ्या मते संपूर्ण दंतवैद्यकातली सर्वांत अवघड जागा हीच असावी, जिथे घडवलेली वस्तू संपते आणि जिवंत मांस सुरू होते. हिरडीची कड आणि तिच्याखालचे हाड यांच्यामध्ये दाताला बिलगलेल्या ऊतींचा एक पट्टा असतो. १९६१ साली त्याची मोजमापे घेतली गेली तेव्हा सरासरी २.०४ मिलिमीटर भरली. व्हिनियरची कड या पट्ट्यात घुसली तर शरीर ती खपवून घेत नाही. हिरडी कायमची लाल राहते किंवा हाड स्वतःच मागे सरते. वरून पाहणाऱ्याला फक्त एवढेच दिसते की दात सुंदर आहेत आणि त्यांच्या मुळाशी कसलीशी लाल किनार आहे.

हिरड्यांच्या डॉक्टर बाईंनी प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खुणांची सळई घालून खोली मोजली. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली खाच १ ते ३ मिलिमीटर असते. त्याहून खोल गेली तर तो ‘खिसा’. त्या आकडे मोठ्याने म्हणत होत्या आणि मदतनीस मुलगी लिहून घेत होती. तीन दोन तीन. चार तीन चार. पाच चार सहा. तोंड उघडे ठेवून, दिव्याकडे पाहत, मला ते ऐकताना अपरिहार्यपणे लघुगुरू आठवले. माझ्या तोंडात कुणीतरी मात्रा मोजत होते आणि वरच्या ओळीत डावीकडे वृत्तभंग होता. क्ष-किरण चित्रात तिथले हाड खाली गेलेले दिसले. तिथे समोरचा बाजूचा दात किंचित हलत होता. माझ्या आईचे दात पंचावन्नच्या आत गेले. तेव्हा घरात त्याला ‘पायोरिया’ म्हणत आणि तो केस पांढरे होण्यासारखा वयाचा भाग मानत.

तो वयाचा भाग नाही हे शास्त्राला कळले त्याची कथा मात्र सांगण्यासारखी आहे, आणि तिचा दुसरा अर्धा भाग अस्वस्थ करणारा आहे. १९६५ साली हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणे पुन्हा सुरू होताच त्या बऱ्या झाल्या. हिरड्यांच्या सुजेचे कारण दातांवरचा जंतूंचा थर आहे हे इतक्या साध्या प्रयोगाने सिद्ध झाले. त्यानंतर याच ल्यो यांनी श्रीलंकेच्या चहामळ्यांतील ४८० पुरुष मजुरांची पंधरा वर्षे पाहणी केली. या मजुरांना दात घासण्याची सवय नव्हती आणि दंतवैद्य मिळत नव्हता, आणि नेमके म्हणूनच ते निवडले गेले होते. १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सुमारे ८ टक्क्यांत रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्के माणसांत हिरड्यांच्या सुजेपलीकडे काहीच झाले नाही. हिरड्यांच्या रोगाविषयीची आजची समज या आकड्यांवर बरीच उभी आहे. जंतूंचा थर सगळ्यांच्याच दातांवर असतो, पण शरीरे त्याला वेगवेगळे उत्तर देतात. दंतवैद्यकात हा अभ्यास आदराने सांगितला जातो. मला तो वाचताना त्या ८ टक्क्यांपैकी एखादा मजूर दिसत राहिला. त्याच्या तोंडात दर काही वर्षांनी कुणी सळई घालते, आकडे लिहून घेते, आणि निघून जाते. त्याचे दात एकेक करून पडतात आणि त्या पडण्याचे ज्ञान होते. त्या ज्ञानाचा फायदा पुढे माझ्यासारख्या कुणाला व्हायचा असतो.

माझ्यावर झालेले उपचार तसे सामान्य होते. दातांवरचे आणि हिरडीखालचे कीटण काढणे, मग भूल देऊन मुळांचा पृष्ठभाग साफ करणे, चार बैठकांत चार भाग. घरी दातांच्या फटींत घालायचे बारीक ब्रश. त्यानंतर सुमारे दोन महिने थांबायचे आणि पुन्हा मोजायचे. या दोन महिन्यांत मला कुणी आधी सांगितले असते तरी नीट कळली नसती अशी गोष्ट घडली. मी बरी होत गेले आणि आरशात अधिक वाईट दिसू लागले. सूज उतरली तसे दात लांब झाले. कीटणाने बुजलेल्या फटी मोकळ्या झाल्या आणि दोन दातांच्या मध्ये हिरडीपाशी काळे त्रिकोण दिसू लागले. दोन दात एकमेकांना जिथे टेकतात तिथपासून खालच्या हाडापर्यंत अंतर ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर मधली फट हिरडीने जवळपास नेहमीच भरलेली असते. ६ झाले की जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्त वेळा, ७ झाले की चारांतून एकदा. १९९२ सालच्या एका अभ्यासातले हे आकडे आहेत. एका मिलिमीटरला इतकी किंमत असलेली जागा शरीरात दुसरी कुठे असेल?

त्या फटींतून हवा निसटू लागली. पहिले दोन-तीन आठवडे माझा ‘स’ शिटीसारखा येत होता आणि ‘चिंच’मधला दुसरा ‘च’ डगमगत होता. वर्गात मी तोच विषय काढला. जीभ जिथे टेकते ती भिंत बदलली की वर्ण कसा बदलतो आणि मग जीभ स्वतःच नवी जागा कशी शोधते, हे त्या सत्रात मुलांना प्रत्यक्ष ऐकायला मिळाले. त्या निमित्ताने ऋक्प्रातिशाख्यातल्या ‘दंतमूलीय’ या संज्ञेवर एक संपूर्ण तास झाला, आणि मुलांनी तो मन लावून ऐकला असे मला वाटते.

मधल्या काळात मी दातांच्या रंगाविषयी थोडे वाचत होते. पांढऱ्या दातांचे सौंदर्य सार्वकालिक आहे अशी जी आपली समजूत असते ती कवितेने करून दिलेली आहे. रिवाज वेगळे होते. महाराष्ट्रात सवाष्ण बायका दातवण लावून दात काळे करीत, आणि काळे दात हे सौभाग्याच्या लेण्यांपैकी मानले जाई. जपानमध्येही दात काळे करण्याची प्रथा शतकानुशतके होती. १८७० साली मेइजी शासनाने उमरावांना ती बंद करायला लावली. म्हणजे माझी पणजी कदाचित माझ्या दातांकडे पाहून म्हणाली असती की रंग अजून नीट बसलेला नाही. हे वाचून मला बरे वाटायला हवे होते. तसे काही वाटले नाही. सौंदर्याचे निकष इतिहासाने घडतात हे मी पदव्युत्तर वर्गाला शिकवते, ते मला पटलेले आहे, आणि बेसिनवरच्या आरशासमोर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

एक दुसरी टोचणी याहून खरी होती. व्हिनियरसाठी जो अर्धा मिलिमीटर थर घासून टाकायचा, तोच तर माझ्या गावच्या पाण्याची नोंद आहे. त्या थरात १९७४ ते १९७८च्या आसपासची ती बोअर आहे. माझ्या बरोबरीच्या कितीतरी बायकांच्या तोंडात ती अजून आहे, आणि एका दाताला काही हजार रुपये देणे हा त्यांच्यापुढचा पर्यायच नाही. काहींना त्याच पाण्याने हाडांचेही दुखणे दिले. हा पुरावा मी एकटीने पुसून टाकायचा का? हा प्रश्न मी भावाला फोनवर जरा सौम्य शब्दांत विचारला. तो म्हणाला, “आता कोनाले दाखवाचे हायेत तुले दात?” मी म्हटले, “वर्गाले.” यावर तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “दुखते काय लय?”

दोन महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली. बहुतेक आकडे तीनवर आले होते. डावीकडचा तो दात मात्र पाचवर अडून होता. पहिल्या दंतवैद्यांनी सगळे आकडे पाहून सांगितले की सहा दातांचा बेत सोडावा. मधले दोन दात घेता येतील. तिथे हिरडी शांत आहे आणि इनॅमल पुरेसे आहे, जरी फ्लोराइडने बिघडलेल्या इनॅमलवर आम्लाचे काम नीट होत नसल्याने जास्त काळजी घ्यावी लागेल. बाजूच्या दातांचे डाग घासून थोडे फिके करू. पापडीची कड इनॅमल संपते तिथेच थांबवायची, हिरडीपर्यंत न्यायची नाही. त्याखाली मुळाचा दीडेक मिलिमीटर पिवळा पट्टा उघडा राहील. तो दिसेल की नाही हे ओठ किती वर जातो यावर अवलंबून. म्हणून त्यांनी कॅमेरा घेतला आणि म्हणाले, “पूर्ण हसा.”

मी हसले. ते म्हणाले, “नाही मॅडम, पूर्ण.” मी पुन्हा हसले. त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर मला चित्र दाखवले. वरचा ओठ दातांच्या मध्यापर्यंतच गेला होता. तिसऱ्या वेळीही तेवढाच. चाळीस वर्षे जपलेली सवय स्नायूंत उतरलेली होती. ओठाला त्यापुढची वाट माहीत नव्हती. मदतनीस मुलीने कसलातरी विनोद केला, तेव्हा कुठे तो थोडा वर गेला आणि डॉक्टरांनी चटकन टिपले. त्या चित्रात मुळाचा पट्टा दिसत होता.

रंग निवडताना त्यांनी सोळा छटांची पट्टी समोर धरली. सर्वांत उजळ ‘बी-१’पासून पुढे गडद होत जाणाऱ्या. दुकानात साडीचे पदर उलटावेत तसे ते एकेक माझ्या दाताशी धरीत होते. मी ‘ए-३’ घेतला. तो पांढरा म्हणता येणार नाही. माझ्या भावाच्या दातांचा साधारण तोच रंग आहे.

घासताना दुखले नाही. पाण्याच्या फवाऱ्याबरोबर पांढुरकी भुकटी निघत होती आणि नळीने ओढली जात होती. दोन आठवड्यांनी पापड्या बसल्या. वर्गात कुणी काही बोलले नाही. फक्त पहिल्या बाकावरच्या एका मुलीने ‘चिंच’ पुन्हा म्हणून दाखवायला सांगितले, आणि तिला दुसरा ‘च’ खरोखरच कळला नव्हता. हिरड्यांच्या डॉक्टर बाईंकडे दर तीन महिन्यांनी जावे लागते. त्या मोजतात, मुलगी लिहून घेते. डावीकडच्या त्या दाताचा आकडा गेल्या खेपेस पाच होता.